गाड्यांपुढं बसलेल्या बाया

परतवाड्याच्या टॉकीजमध्ये शकुन कासदेकरनं स्वतःला पडद्यावर पाहिलं, तेव्हा तिच्या तोंडून भलत्याच बाईचा आवाज येत होता.

"मालक, आमाले वाचवा!"

शेजारी बसलेल्या मनकर्णाबाई आत्यानं तिचा हात धरला. "हे तू बोलली का वं?"

"नाही आत्या."

शूटिंगच्या वेळी शकुन आपल्या घरच्या बोलीत, कोरकूत, बोलली होती. इंग्रजांच्या काळात त्यांचं गाव उठवायला माणसं आली, तेव्हा शकुनच्या पणजीनं बायांना घेऊन साग न्यायला आलेल्या गाड्यांपुढं बसकण मारली होती. शेवटी गाड्या रिकाम्याच परत गेल्या. आत्यानं ही गोष्ट आपल्या आजीच्या, म्हणजे त्या पणजीच्याच तोंडून ऐकली होती, आणि शकुननं आत्याकडून. सिनेमात पणजीचं काम मिळालं म्हणून गावात, सेमाडोहात, तिचं केवढं कौतुक झालं होतं.

पडद्यावर मात्र कुठल्याशा पोरी डोक्यात पिसं खोवून जाळाभोवती नाचत होत्या. गाड्या अडवत होता अमरावतीहून आलेला एक गोरागोमटा मास्तर. पडलेलं लेकरू उचलायला वाकायचं, असं शकुनला सांगितलं होतं. ते लेकरू आता कुठंच नव्हतं. ती मास्तरच्या पायाशी वाकलेली दिसत होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पुढल्या आठवड्यात अमरावतीत कलाकारांचा सत्कार होता. जायची इच्छा नव्हती, तरी ती गेली. स्टेजमागं दिग्दर्शक कुलदीप सर भेटले.

"सर, लेकरू काहून कापलं?"

"लांबी वाढत होती, ताई. आणि लोकांना एक नायक लागतो. निदान तुमचा समाज पडद्यावर आला, हे थोडं आहे का?"

शूटिंगभर तिनं त्यांना पणजीची गोष्ट इतक्यांदा समजावून सांगितली होती, की आता नव्यानं सुरुवात करायचं त्राण उरलं नव्हतं. शाल-नारळ झाल्यावर निवेदिकेनं 'तो डायलॉग' म्हणायला सांगितला. शकुन स्टेजवर खालीच बसली आणि शूटिंगच्या वेळचं सगळं कोरकूत बोलली. मग मराठीत म्हणाली, "माही पणजी असं बोलली होती. गाड्या तिनं अडवल्या. मास्तर कोनी आलाच नोयता."

टाळ्या सिनेमापेक्षा जोरात पडल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं : मास्तरांच्या आठवणीनं आदिवासी अभिनेत्री गहिवरली.

ती सेमाडोहला परतली, तेव्हा आत्या अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. हात थांबवून तिनं विचारलं, "शकुन, तो मास्तर खरंच आला असन का वं? मी त तवा जल्माले आली नोयती. आजी सांगाची राहून गेली असन."

शकुन तिथंच मातीत टेकली.

"नाही आला, आत्या. ऐक. त्या दिवशी सकाळी गाड्या आल्या..."

ती सांगत राहिली. आत्या ऐकत होती, नवीच गोष्ट ऐकावी तशी.