उलटी वेणी

गाठीवालीच्या बोटांना डोळे आहेत, असं बंदरावरचे लोक म्हणायचे. होडीच्या शिडाची लोखंडी कडी तिच्या मांडीवर आली, की तासाभरात तिच्यावर मेण लावलेल्या दोरीचं घट्ट कातडं चढायचं आणि बाहेरच्या अंगानं गाठींची देखणी वेणी फिरायची. वेणी बाहेरच हवी. तिथं ती लोखंडाचा दणका खाते, होडीचं लाकूड वाचवते. आतल्या अंगाला आली, की शिडाचा दोर कडीतून धावताना अडकतो. इतकी साधी गोष्ट.

त्या दुपारी कडी लेकीच्या होडीची होती. लेक पहिल्यांदाच एकटी समुद्रावर निघाली होती, चारच्या भरतीला. गाठीवालीनं शेवटची गाठ आवळली, हात धुवायला मागं गेली, परत येऊन बघते तर वेणी आतल्या बाजूला!

"म्हातारी झाले की काय मी," असं पुटपुटत तिनं सगळं उसवलं, पुन्हा बांधलं. या खेपेला दार आतून लावून घेतलं. पाणी प्यायला पाठ फिरवली, तेवढ्यात वेणी पुन्हा आत. दोरी चिंब ओली, बोट जिभेला लावलं तर खारट.

खोटं कशाला बोला, तिला कळलं होतं. अशी उलटी वेणी तिनं आयुष्यात एकदाच घातली होती. नऊ वर्षांपूर्वी, नवऱ्याशी कडकडून भांडल्यावर, त्याच्याच होडीच्या कडीवर. चूक दिसली होती तिला. जाऊ दे, उद्या बदलू, म्हणून रागाच्या भरात तशीच हातात दिली. वारा सुटला, दोर अडकला, होडी पालथी झाली, नवरा परत आलाच नाही. लोकांनी वाऱ्याला शिव्या घातल्या. तिनंही घातल्या.

तिसऱ्यांदा बांधून झाल्यावर तिनं कडी हातातून सोडलीच नाही. तर बोटांखालीच गाठी हळूहळू सरकत आत गेल्या.

"माझ्यावर काढा हो काय राग काढायचा तो," ती रडत म्हणाली, "पोरीनं काय घोडं मारलंय तुमचं?"

दार वाजलं. तिनं डोळे पुसून उघडलं.

"झाली का गं आई? भरती काय आपल्यासाठी थांबणार आहे?" लेक म्हणाली.

"ही नको नेऊस."

लेकीनं कडी उलटसुलट करून पाहिली. मग खाली बसली, गाठी उसवल्या आणि सरसर पुन्हा बांधायला लागली, वेणी अगदी बाहेरून. गाठीवाली बघतच राहिली. पोरीला तिनं कधी दोरीला हात लावू दिला नव्हता.

"कुणी शिकवलं तुला?"

"बाबा दाखवताहेत ना," लेक आईच्या खांद्यामागं बघत म्हणाली.

मागं वळायचा धीर गाठीवालीला झाला नाही. "आणखी काय म्हणाले?"

लेकीनं शेवटची गाठ आवळली. वेणी जागची हलली नाही.

"म्हणाले, बाकीचं आई सांगेल."

गाठीवालीनं स्टूल ओढलं, लेकीसमोर बसली आणि सांगायला लागली. भरती चढली, उतरली, तरी दोघी तिथंच होत्या.