वरून भरलेली भिंत

मी एक भिंत आहे, उत्तरेकडची, बोचऱ्या वाऱ्याच्या तोंडची. मित्रांनो, माझ्याकडे बघून कोणाला खोट दिसली नसती. खोट माझ्या पोटात होती.

मला बांधले तेव्हा नुकताच नवा नियम आला होता. विटांचे दोन थर हवेत आणि मधल्या फटीत तळापासून वरपर्यंत कापसासारखा भरणा हवा. म्हणजे ऊब घरातच राहते आणि विजेचे बिल आटोक्यात येते. पण तपासणीचे साहेब शिडीवर चढून फक्त वरून डोकावत, हे ठेकेदाराला पक्के ठाऊक होते.

"वरचा हातभर भरा. खाली कोण बघतंय?" तो गवंड्याला म्हणाला.

साहेबांनी डोकावून मान डोलावली. मी पास झाले.

घर घेणारी बाई मला थोपटून पाहुण्यांना सांगायची, "नव्या नियमाचं घर आहे, बिल कमी येतं." मला मेल्याहून मेल्यासारखे व्हायचे.

थंडी पडली. घरातल्या आजोबांची, म्हणजे बाईच्या सासऱ्यांची, खाट माझ्याच कडेला होती. त्यांचा हीटर दिवसभर चालायचा, आणि बिल आले ते डोळे पांढरे करणारे.

"बाबा, हीटर जरा बेताने लावत जा ना," त्यांचा मुलगा म्हणाला. रागावून नाही, पण म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून सगळे बाहेर पडले की आजोबा हीटर बंद करायचे. दोन स्वेटर, कानटोपी, हात काखेत. "माझंच रक्त थंड झालंय," असे नातीला सांगून हसायचे आणि मला पाठ टेकून बसायचे. त्यांच्या अंगात होती नव्हती ती ऊबही मी शोषून बाहेर घालवत होते. मला तोंड असते तरी ते दाखवायला जागा नव्हती.

ऐन थंडीत ते लेकीकडे राहायला गेले. "तुमचं बिल तरी उतरेल," म्हणाले.

बिल उतरले नाही; बाकीच्यांना रात्री हीटर लागतच होता. तेव्हा मुलाने मला हात लावून पाहिले, मग ठोकून पाहिले. कारागिराने भोक पाडून आत बॅटरी मारली. "अहो, आत काहीच नाहीये."

मुलगा खाटेवर बसला. त्याने फोन लावला. "बाबा, तुमचं काही चुकलं नव्हतं. आपली भिंतच पोकळ निघाली."

 पलीकडून आजोबांनी विचारले, "मग मी येऊ का परत?"

आता माझे पोट भरले आहे. आजोबा एकाच स्वेटरवर मला टेकून बसतात, आणि मला अजून लाज वाटते. मित्रांनो, घरात कोणी थंडी वाजते म्हणाले, तर त्याला बोल लावण्याआधी भिंतीवर एकदा हात ठेवून बघा.