ऊन कुणाच्या डोळ्यात

दादा मला शिट्टीमास्तर म्हणतो. गुडघा गेला नसता तर मी अजून स्पर्धांत लांब उडीच मारत असतो, मास्तरकीच्या वाटेला फिरकलोही नसतो. पण गेला. म्हणून हा खेळशिक्षकाचा कोर्स.

सराव पाठात दोनदा नापास झालो. दोन्ही वेळा झोकात उडी मारून दाखवली, पोरांनी टाळ्या पिटल्या, आणि तपासणाऱ्या मॅडमनी वहीत लिहिलं, 'वर्गाने यांना पाहिलं, यांनी वर्गाला पाहिलं नाही.' तिसऱ्यांदा आपटलो असतो तर वर्ष वाया.

या वेळी ठरवलं, मरू दे ते उडी मारून दाखवणं. सहावीचा वर्ग, चार रांगा, हातात पाठाचा कागद. लांब उडी नुसती तोंडानं समजावायला लागलो, तर टोकाची एक मुलगी सारखा कपाळावर हात धरून उभी. दोनदा सांगितलं, हात खाली. तिसऱ्यांदा जरा चढ्या आवाजात.

ती म्हणाली, "सर, ऊन डोळ्यात येतंय. तुम्ही नुसते काळे दिसताय."

पोरं फिदीफिदी हसली. कोर्सच्या पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, ऊन मास्तरानं डोळ्यात घ्यायचं, पोरांच्या पाठीवर द्यायचं. मी आपला सावलीतल्या नवरदेवासारखा उन्हाकडे पाठ करून उभा.

तसंच रेटता आलं असतं. मॅडम घड्याळ बघत होत्या. पण शिट्टी मारली आणि अख्खा वर्ग फिरवला. रांगांचा पार गुंता झाला, चार मिनिटं गेली, शेवटचे व्यायाम राहणार हे कळलंच.

आता ऊन माझ्या डोळ्यात. कागदावरचं अक्षर दिसेना. घडी घालून खिशात टाकला, पोरांना एकेक करून उडी मारायला लावली आणि डोळे बारीक करून त्यांच्या पायांकडे बघत बसलो. तेव्हा दिसलं, ती टोकाची मुलगी दर वेळी वेगळ्या पायावरून उडी घेते. तिला पावलं मोजायला लावली, उडी जिथून घ्यायची त्या फळीपासून उलटी, मागे. चौथ्या वेळी पाय बरोबर पडला. वाळूत बसूनच माझ्याकडे बघून हसली.

मॅडमनी वेळेचे गुण कापले. वर्ग आधी उन्हाकडे तोंड करून उभा केल्याचेही. काठावर पास. सही करताना म्हणाल्या, "पुढच्या वेळी आधी सूर्य बघा, मग वर्ग घ्या."

घरी दादानं विचारलं, काय झालं. पास म्हटलं.

"मग, मारलीस ना एक जोरदार उडी?"

"एकही नाही."

त्याला ते काही पटलं नाही. गुडघा दुखतोय का म्हणून विचारत राहिला.