छातीपर्यंत पाण्यात

मी एक रबरी विजार बोलतेय. हसू नका. मी छातीपर्यंत येते, खाली बूट जोडलेले आहेत आणि खांद्यांवर पट्टे. दुकानातल्या माझ्या बहिणी मासे पकडणाऱ्यांनी नेल्या आणि मी मात्र एका तरुण पाळकाच्या हाती लागले.

बाप्टिस्ट मंडळीत तान्ह्या बाळावर पाणी शिंपडत नाहीत. माणूस मोठा होतो, स्वतःच्या मनाने सगळ्यांसमोर विश्वास कबूल करतो, मग पाळक त्याला चर्चमधल्या हौदात पुरतं बुडवून वर काढतात; हाच बाप्तिस्मा. त्यानंतर लगेच पाळकांना कोरड्या कपड्यांनी उपदेशाला उभं राहायचं असतं. म्हणून वरून पांढरा झगा आणि आत मी. तेव्हा आमचे साहेब इतके सडपातळ होते की माझ्यात त्यांच्यासारखे दोघे मावले असते.

पहिल्या मंडळीत एक पावभट्टीवाल्या बाई आल्या, चांगल्या अंगापिंडाने भरलेल्या. साहेबांनी जीव खाऊन त्यांना बुडवलं, वर काढलं, तोच पुढच्या बाकावरची म्हातारी ओरडली, "कोपर कोरडं राहिलं!" झालं, कुजबुज सुरू. साहेब बिचारे पुन्हा सरसावले. दुसऱ्यांदा वर येताच बाई धापा टाकत म्हणाल्या, "आता पुरे साहेब, नाहीतर थेट वरच पोचेन." सगळं चर्च खो खो हसलं. साहेबही हसले, तेव्हा माझे पट्टे हलत होते.

दुसऱ्या मंडळीत बाकं ठेवायची की खुर्च्या आणायच्या यावरून घरोघरी अबोले झाले. साहेब दोन्हीकडे समजूत घालत फिरले आणि दोन्हीकडून बोलणी खाल्ली. शेवटी सभासदांनी हात वर करून त्यांनाच निरोप दिला. साहेबांच्या बायकोने, म्हणजे पाळकीणबाईंनी, गुपचूप सामान बांधलं. मला बादलीत कोंबलं होतं, ते मी अजून विसरले नाही.

तिसऱ्या मंडळीत आम्ही रुजलो. आजाऱ्यांकडे, मयताघरी मी कधी जात नसे. पण अशा दिवसांनंतर साहेब मला चढवताना भिंतीला हात टेकून जरा वेळ तसेच उभे राहायचे. तेवढ्यावरून मला समजायचं.

त्यांची एकुलती एक मुलगी तिथे दर रविवारी ऑर्गन वाजवायची. बाप लोकांना पाण्यात उतरवतोय आणि लेक गीत वाजवतेय, असं कित्येक वर्षं चाललं. पण ती स्वतः काही पाण्यात उतरली नाही. त्यामुळे प्रभुभोजनाचं, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्यांनाच मिळणाऱ्या भाकरीचं, ताट तिच्यासमोरून पुढे जायचं. ती मान खाली घालायची, आणि साहेब दुसरीकडे बघायचे. मला तिचा राग यायचा, खोटं कशाला सांगू. एवढ्या भल्या माणसाचं मन मोडायचं म्हणजे काय?

मंडळीचे खजिनदार सुतार होते, तोंडाने फटकळ. एकदा म्हणाले, "साहेब, जग पाण्यात उतरवलंत आणि घरचं माणूस काठावर?"

साहेब हौदाचं पाणी सोडायला वळले.

पाळकीणबाई मात्र घरी रडायच्या. "एकदा बोला ना तिच्याशी. तुमचा शब्द मोडायची नाही ती."

"म्हणून तर बोलत नाही," साहेब म्हणाले. "माझ्यासाठी येईल ती. मग तो बाप्तिस्मा कसला?"

निवृत्तीचा रविवार आला. हौद भरला. दोन माणसं उतरली, वर आली. साहेब त्यानंतरही पाण्यात उभे राहिले. सगळ्यांना कळलं ते कुणासाठी थांबलेत. ऑर्गनवर शेवटचं कडवं पुन्हा वाजलं, मग एकदम थांबलं. मुलगी जागची उठली नाही. साहेबांनी आशीर्वाद दिला आणि कठडा धरून वर आले.

बाजूच्या खोलीत त्यांना वाकता येईना, गुडघे अगदीच गेले होते. तेवढ्यात मुलगी आली, खाली बसली आणि माझा बूट ओढू लागली.

"पपा, आज यायचं ठरवलं होतं. पण अजून मला आतून खात्री वाटत नाही. तुम्ही चाललात म्हणून आले असते, तर ते खोटं झालं असतं. रागावलात?"

साहेबांचे डोळे भरून आले. "नाही गं. घाबरलो होतो. वाटलं, माझ्यासाठी उठशील." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्या क्षणी माझा सगळा राग गेला.

टॉवेल घेऊन उभ्या असलेल्या पाळकीणबाईंनी नाक पुसलं. "नवीन पाळक स्वतःची आणणार आहेत. मग ही टाकून देऊ?"

मुलीने मला उचललं, पाणी निथळू दिलं आणि म्हणाली, "राहू दे, आई."

आता मी त्यांच्या लहानशा घरात न्हाणीघराच्या दारामागे टांगलेली असते. रबर चिरू नये म्हणून मुलगी अधूनमधून मला पावडर लावते. मला एवढं जपून कशासाठी ठेवते, ते तिने सांगितलेलं नाही. पाहुणे येतात, मला बघतात आणि ओठांवर प्रश्न घेऊन तिच्याकडे वळतात. बाबांनो, हात जोडते, तिला विचारू नका. तिच्या बापाने कधी विचारलं नाही.