वेराच्या भुवईवरचा तीळ

एप्रिलातल्या वादळाने अकरा नंबरच्या इमारतीवरचा औषधाच्या दुकानाचा फलक उपटून थेट बालवाडीच्या आवारात नेऊन टाकला. रविवार होता म्हणून कुणाला लागलं नाही. फलकामागे पाच मजले उंच बाई निघाली. रंगीत काचेच्या तुकड्यांची, हात वर केलेली. तळव्यांतून पाणी वाहतंय, पायाशी सफरचंदांची बाग. मी अल्माटीच्या या वस्तीत सून म्हणून आले त्याला एकवीस वर्षं झाली. तेवढी सगळी वर्षं त्या भिंतीवर मी फक्त खोकल्याचं औषध पिणारी हसरी कुटुंबं पाहिली होती.

आठवडाभर सगळी वस्ती माना वर करून उभी. तळमजल्यावरचे एगेनबेर्दी काका म्हणाले, बाई अंतराळात निघालीय आणि ते एकच निळं सफरचंद म्हणजे पृथ्वी. पावाच्या दुकानातली नाद्या म्हणाली, काही नाही हो, नळाला पाणी आलं तेव्हाची सरकारी जाहिरात.

माझ्या सासूबाई, कुल्याश आपा (इथे वडीलधाऱ्या बाईला सगळे आपाच म्हणतात), खालीच उतरल्या नाहीत. वय सत्तर. हयातभर त्यांनी इमारतींना फरशा बसवल्या. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती भिंत समोर दिसते. तीन दिवस त्या खिडकीकडे पाठ करून चहा प्यायल्या.

"आपा, तुम्हाला आठवतं का हे चित्र?" मी विचारलं.

"आज चहात दूध कमी पडलंय," त्या म्हणाल्या.

मे महिन्यात लोक यायला लागले. दर शनिवारी अकरा वाजता येर्नार नावाचा एक तरुण वीस-पंचवीस जणांना घेऊन यायचा आणि गळ्यातल्या छोट्या ध्वनिक्षेपकावरून शहराच्या भिंतींवरची चित्रं समजावून सांगायचा. आवाज आमच्या चौथ्या मजल्यापर्यंत स्पष्ट यायचा.

"चित्रकार आर्कादी मेल्निचुक, एकोणीसशे एकोणऐंशी," तो सांगत होता. "वर केलेले हात म्हणजे माणसाने निसर्गावर मिळवलेला विजय. निळं सफरचंद म्हणजे चित्रकाराने केलेलं बंड, साच्यातून बाहेर पडलेला एक विचार. आणि चेहरा नीट बघा. हा कुणाचाच चेहरा नाही. त्या काळी माणसाला चेहरा नव्हता, तेच मेल्निचुक आपल्याला सांगतायत."

आपा पीठ मळत होत्या. हात तसेच पिठाचे, पायात घरातल्या सपाता, तशाच जिना उतरायला लागल्या. मी मागे धावले.

"बाळ, काय म्हणालास? कुणाचाच नाही?"

"आपा, जरा थांबता का? माझं बोलणं संपू दे."

"तुझं संपायची वाट बघत बसले तर मी संपेन. तो चेहरा वेरा खेगायचा आहे. निळं सफरचंद आम्ही लावलं, कारण लाल काच संपली होती आणि मालगाडी मे महिन्यापर्यंत आली नाही. बंड कसलं, पेटी रिकामी होती."

दोघंतिघं हसले. येर्नारही हसला, पण सांभाळून. "आम्ही म्हणजे कोण?"

"मी, पातमखान आणि वेरा. तिघींनी सात महिने परांचीवर काढले. तुझा मेल्निचुक दोनदा आला. दुसऱ्यांदा आला तो फोटो काढून घ्यायला."

मग तिथेच, उन्हात, आपांनी जे सांगितलं ते मीही पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांच्या मुलाला, माझ्या नवऱ्यालासुद्धा, त्यांनी ते कधी सांगितलं नव्हतं. वेरा तिघींत मोठी, सत्तावीस वर्षांची, कोरियन. काच कशी फोडायची, माल किती घट्ट कालवायचा, हे तिनेच या दोघींना शिकवलं. फेब्रुवारीत फळ्यांवर बर्फ धरायला लागलं. कमरेला बांधायला दोर द्या, म्हणून तिघींनी दोनदा अर्ज केला. देखरेखीवरचा माणूस म्हणाला, एक मे रोजी उद्घाटन आहे, दोर मागवायला वेळ नाही. अठरा तारखेला सकाळी वेरा चौथ्या टप्प्यावरून खाली आली. आपा हातभर अंतरावर होत्या. त्यांच्या हातात तिच्या हातमोज्याशिवाय काही राहिलं नाही.

"आणि कागदावर काय लिहिलं माहितीये? मृत कामगाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे. दोराचा अर्ज फाइलमधून गायब. आम्हा दोघींना बोलावून सांगितलं, सह्या करा आणि कामावर जा. आम्ही केल्या."

आपांनी पिठाचे हात पदराला पुसावेत तसे गाऊनला पुसले.

"आराखड्यात पुरुष होता, चष्मा लावलेला इंजिनिअर. चेहरा तेवढा राहिला होता. आम्ही वेराचा लावला. मेल्निचुकने उद्घाटनाला वर पाहिलं आणि म्हणाला, छान, सर्वसामान्य चेहरा झालाय. पदक लावून घेतलं आणि गेला."

"आपा, माझा अविश्वास नाही," येर्नार हळू म्हणाला. "पण याला काही पुरावा?"

"तिच्या डाव्या भुवईवर तीळ होता. बघ."

त्याने फोनमध्ये मूळ आराखड्याचा, आजवर कधी नीट न पाहिलेला फोटो उघडला, मग कॅमेऱ्याने भिंतीवरचा चेहरा जवळ आणला. डाव्या भुवईवर काळ्या काचेचा एकच तुकडा होता. आराखड्यात खरंच चष्मेवाला पुरुष होता. येर्नारने ध्वनिक्षेपक बंद केला. "चार शनिवार मी लोकांना चुकीचं सांगितलं," तो म्हणाला.

"तू वाचलेलं सांगितलंस. लिहिणाऱ्याने तोंडात माती कोंबली, तुझ्या आणि आमच्याही."

इथवर ठीक होतं. जूनमध्ये कळलं की भिंतीला वारसा म्हणून संरक्षण मिळालंय आणि खाली पितळी पाटी बसणार आहे. आपा, मी आणि येर्नार वारसा खात्याच्या कचेरीत गेलो. तिथल्या बाई गोड बोलणाऱ्या होत्या. त्यांनी आम्हाला बसवलं, बिस्किटं पुढे केली.

"आजी, निर्माता म्हणजे ज्याने कल्पना केली तो. कारागिरांची नावं लिहायची पद्धत नाही. उद्या प्रत्येक इमारतीवर गवंड्याचं नाव लिहायचं का?"

"लिहा की. पितळ कमी पडेल का?"

"नियमात बसत नाही हो."

"मरणं बसलं नियमात," आपा म्हणाल्या. "तेव्हा कुणी विचारलं नाही पद्धत आहे का म्हणून."

बाईंनी बिस्किटांची बशी परत आपल्याकडे ओढून घेतली.

पाटी बसली. मेल्निचुकचं नाव, साल, आणि खाली 'मानवाचा विजय'. समारंभाला आपांना बोलावणं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता त्यांनी बादलीत सिमेंट कालवलं, थापी घेतली, फरशांच्या दुकानातून मागून आणलेली काच माझ्या हाती दिली आणि आम्ही निघालो. मला भीती वाटत होती. मी दवाखान्याच्या खिडकीवर नाव नोंदवायचं काम करते, सरकारी नोकरी आहे. पण सत्तरीची बाई पुढे आणि मी घरात, हे जमलं नसतं.

पाटीच्या खाली गुडघे टेकून आपा चार तास काम करत होत्या. वेरा खेगाय. पातमखान. कुल्याश. आडनावं बाकीच्या दोघींची लावली नाहीत. नाद्याने पाव आणून दिला. एगेनबेर्दी काकांनी स्टूल आणलं, वर म्हणाले, "अंतराळवीर नाही तर मग." कुणीतरी फोन केला असावा, पोलीस आला. त्याने परवानगी विचारली.

"पडायची परवानगी होती, लावायची नाही?" आपा मान वर न करता म्हणाल्या.

त्याने पंचनामा लिहिला आणि गेला.

महिन्याभराने खात्याचं पत्र आलं: संरक्षित वास्तूची विनापरवाना हानी. नावं मात्र आहेत तिथेच आहेत, कारण संरक्षित भिंतीवरचं काहीही काढायला समितीची मंजुरी लागते आणि समितीची बैठक लागत नाही. येर्नार दर शनिवारी ती नावं मोठ्याने वाचून दाखवतो. लोक आपांच्या हाताचं चुंबन घेतात, फोटो काढतात. शेजारी म्हणतात, आपा जिंकल्या.

"काय जिंकलं?" घरी आल्यावर त्या माझ्यावरच तापल्या. "सरकारी कपाटात तो कागद आहे अजून. वेराचीच चूक, असं लिहिलेला. खाली माझी सही."

सप्टेंबरात आम्ही तो कागद मागायला जुन्या कागदपत्रांच्या कचेरीत गेलो. खिडकीमागच्या मुलीने अर्ज वाचला आणि विचारलं, "मृत व्यक्तीशी तुमचं नातं?"

"बरोबर काम करत होतो."

"मग नाही मिळणार. रक्ताचं नातं लागतं."

वेराला मूलबाळ नव्हतं, भाऊ कधीच वारला होता. आपांनी अर्ज परत घेतला नाही. तो खिडकीतून आत सरकवून तळहाताने दाबून धरला.

"नाकारायचं तर लेखी नाकार," त्या म्हणाल्या. "तुझं नाव आणि तारीख घालून. मी बसते."

आणि त्या बाकावर बसल्या. मी दवाखान्यात फोन करून सांगितलं, आज येत नाही.