वर्षअखेरची कात्री

डिसेंबर संपत आला की जपानमधल्या आमच्या गावात घरोघरी मोठी सफाई सुरू होते. चटया उन्हात जातात, खिडक्या लख्ख होतात. त्या वर्षी माझ्या मावशीचे यजमान तोकुजी काका नुकतेच निवृत्त झाले होते आणि त्यांनी झाडं छाटायची नवी कात्री आणली होती. त्यांचं बालपण चहाच्या मळ्यात गेलं. झुडूप दिसलं की ते वरून गोल, गुळगुळीत व्हायलाच हवं, असा त्यांचा हट्ट.

मी आणि सावाए मावशी बाजारातून परतलो, तेव्हा मागच्या अंगणात काका घाम पुसत उभे होते.

"बघ, कसं नीटनेटकं झालं!"

मावशीच्या हातातला मुळा खाली पडला. भिंतीलगतची तिची हायड्रेंजियाची, म्हणजे निळ्या फुलांचे गेंद येणारी, रोपं चहाच्या ओळीसारखी गोल कापलेली होती. डोंगरातली रानटी जात आणि बागेतली मोठ्या फुलांची जात यांच्या संकरातून तिने ती वाढवली होती. येत्या जूनमध्ये रोपवाटिकेचे ओहाशीसान ती बघायला येणार होते. त्यांना एखादी जात पसंत पडली, तर तिला नाव मिळून ती घराघरांच्या बागेत जाणार होती. मावशी त्याचीच वाट बघत होती.

"अहो, काय केलंत हे?"

"सफाई!"

"सफाई नाही, सत्यानाश!"

मी कृषी महाविद्यालयातून नुकतीच पदवी घेऊन आले होते, म्हणून काकांनी आशेने माझ्याकडे पाहिलं. "नाओ, वाढतील ना गं परत?"

"वाढतील, पण फुलणार नाहीत," मी म्हणाले. "शेंड्यावरच्या कळ्या शरद ऋतूतच तयार होतात. त्या तुम्ही कापल्यात."

वर्षाच्या शेवटच्या रात्री आमच्याकडे रश्श्यातल्या शेवया खायची रीत आहे; आम्हा दोघींच्या शेवयांवर तळलेली कोळंबी होती. काकांच्या वाडग्यात नुसत्या शेवया. त्यांनी त्या रश्श्यासकट संपवल्या.

वसंतात हिरवे फुटवे जोमाने वर आले. जून लागला, शेजारच्या अंगणात निळे गेंद डोलू लागले, आमच्याकडे मात्र पानंच पानं. मावशी म्हणाली, "ओहाशीसानना उगीच कशाला बोलवायचं? कळवून टाकते."

ती फोन उचलणार, इतक्यात बाहेरून काकांची हाक आली. "नाओ! मी काही केलेलं नाही हं! पण इथे काहीतरी आहे."

कोपऱ्यातल्या रोपाच्या शेंड्यावर बारीक कळ्यांचा घोस होता. कडेच्या पाकळ्या जेमतेम निळसर. मी भिंग घेऊन फांदी बुडापर्यंत तपासली. जुन्या तपकिरी लाकडाचा टप्पा फक्त तळाशी होता, त्यावरचा सगळा फुटवा या वसंतातला, कोवळा हिरवा. म्हणजे ही कळी यंदाच्याच वाढीवर आली होती.

"मावशी! हे कापलं तरी फुलतं!"

बाकीच्या रोपांवर एकही कळी नव्हती. दरवर्षी सगळीच फुलत असल्यामुळे हा फरक कधी दिसलाच नव्हता.

ओहाशीसान आले तोवर घोस उमलला होता. मी त्यांना छाटणीची सगळी हकिकत सांगितली. त्यांनी तो बराच वेळ न्याहाळला आणि मग हसू लागले.

"दरवर्षी लोक भांडायला येतात, तुमचं झाड फुलत नाही म्हणून. मी विचारतो, डिसेंबरात कात्री कोणी चालवली? मग बायको नवऱ्याकडे बघते." ते मावशीला वाकून म्हणाले, "सावाएसान, हीच जात द्या मला. नाव काय ठेवायचं?"

मावशीने काकांकडे पाहिलं. काका जमिनीकडे बघत होते.

"'मोठी सफाई' ठेवा," ती म्हणाली आणि स्वतःच खळखळून हसली.

त्या डिसेंबरात तिने काकांच्या हाती कात्री दिली आणि कोपऱ्यातलं झाड दाखवलं. "हे एवढंच. बाकीच्यांना हात लावाल, तर कोळंबी विसरा."

काकांनी ते झाड अगदी गोल कापलं.