हाताला लागत नाही

“भाऊजी, सांधा हाताला लागतोय,” पेंटर म्हणाला. ग्राइंडरची चकती अजून फिरत होती, म्हणून इस्त्रीमामाने ऐकू न आल्यासारखं केलं. मग चकती थांबली आणि ती सोयही गेली.

गॅरेजमध्ये त्याला सगळे इस्त्रीमामाच म्हणत. ठोकून आलेल्या गाडीचा चेपलेला भाग कापून तिथे नवा पत्रा वेल्डिंगने जोडला, की जोडाचा उंचवटा घासून सपाट करायचा, हे त्याचं काम. कापडावरून इस्त्री फिरावी तसा त्याचा ग्राइंडर फिरे, म्हणून हे नाव. स्वतःच्या शर्टाला मात्र त्याने जन्मात इस्त्री केली नव्हती. ती बायको करायची. हल्ली त्याचा शर्ट चुरगळलेलाच असे आणि त्यावरून कोणी थट्टा करत नसे, कारण बायको जाऊन महिनाही झाला नव्हता. पेंटर हा तिचा धाकटा भाऊ. त्याला या गॅरेजात चिकटवलं होतं तेही मामानेच.

काम दिसायला सोपं. पण मोटारीचा पत्रा तो कसला, वहीच्या पुठ्ठ्याएवढा जाड. चकती एका जागी जरा जास्त टेकली की तो तापून निळा पडतो, फुगतो, आणखी टेकली की भोकच पडतं. म्हणून टेकवायची, उचलायची, दुसरीकडे जायचं, पत्र्याला निवायला वेळ द्यायचा. उंचवटा जायला हवा आणि पत्रा राहायला हवा. उंचवटा गेला की नाही हे डोळ्यांना कळत नाही, ते तळहाताला कळतं. मामा डोळे मिटून सांध्यावरून तळहात फिरवी आणि म्हणे, “हाताला लागत नाही.” तेवढ्या शब्दांवर गाडी रंगाला जाई. मग मालकसुद्धा तपासायला येत नसत.

गेल्या वर्षी कधीतरी सकाळी बोटं पांढरीफटक पडायला लागली. आधी मुंग्या येत, मग त्याही येईनाशा झाल्या. जन्मभर थरथरतं यंत्र धरून हात शेवटी बधिर झाले होते. शर्टाची बटणं लागेनात, तेव्हा तो मुकाट्याने बायकोसमोर जाऊन उभा राहू लागला. ती बटणं लावून द्यायची आणि म्हणायची, “या वयात लाड सुचतायत.” त्याने तिला तसं वाटू दिलं. लाड म्हटलं की निदान अब्रू राहते.

गॅरेजात आजूबाजूला कोणी नसलं की तो वाकून पत्र्याला गाल टेकवी. गालाला अजून कळत होतं. पण चार माणसं असली की हातच फिरवावा लागे आणि नेहमीचं वाक्य म्हणावं लागे. तसं ते खोटंही नव्हतं. त्याच्या हाताला खरोखरच काही लागत नव्हतं. राहिलेला उंचवटा पेंटर लांबी, म्हणजे रंगाआधीची पुट्टी, भरून, घोटून झाकत होता, तोही एका शब्दाने न बोलता.

घरात थर्मामीटर नव्हता. कशाला लागतो? कागदाएवढा फरक ओळखणारा हात घरातच होता. मुलगी लहान असल्यापासून ताप आहे की नाही हे तोच सांगायचा. त्या संध्याकाळी बायको म्हणाली, “अंगात कणकण वाटतेय. बघा ना जरा.” त्याने तिच्या कपाळावर तळहात ठेवला. गरम नाही, गार नाही, काहीच नाही. पत्र्याला गाल लावणाऱ्या माणसाला तिच्या कपाळाला गाल लावायला काय झालं होतं? पण तिने विचारलं असतं, हे काय नवीन, आणि मग बटणांचंही सगळं बाहेर आलं असतं. तो म्हणाला, “हाताला तर काही लागत नाही.”

“तुम्ही म्हणताय म्हणजे नसणारच,” असं म्हणून ती भांडी घासायला उठली.

पुढेही तिने त्याला विचारलं आणि त्यानेही तेच सांगितलं. शेवटी ती मोरीत कोसळली तेव्हा दवाखान्यात नेलं. संसर्ग रक्तात पसरला होता. ताप कधीपासून होता, डॉक्टरांनी विचारलं. तेवढ्याही अवस्थेत ती म्हणाली, “ताप नव्हता. ह्यांनी हात लावून बघितलं होतं.” पेंटर तेव्हा तिच्या पायाशी उभा होता. डॉक्टर एवढंच म्हणाले, की आधी आणायला हवं होतं.

ती गेली. तेव्हापासून मामाला नोकरीची भीती उरली नव्हती. भीती एवढीच होती, की मेव्हण्याला या हाताचं कळता कामा नये.

आणि आज नेमका तो बोलला होता. त्यालाही कारण होतं. रंगवून दिलेली एक गाडी काल परत आली. जाड भरलेली लांबी तडकून तिची ढलपी निघाली होती. मालकांनी पेंटरला सगळ्यांदेखत झापलं आणि त्याने मान खाली घालून ते ऐकून घेतलं.

“लांबी भरायला माझी ना नाही,” तो आता अवघडून म्हणाला, “पण किती भरू? काल मालक काय बोलले ते तुम्ही ऐकलंत ना.”

“कुठं लागतोय? दाखव मला,” असं म्हणत मामाने अख्खा तळहात सांध्यावर ठेवला. नुसता ठेवला नाही, दाबून ठेवला. “हे बघ. हाताला लागत नाही.”

पेंटरने शेजारी आपली बोटं टेकवली आणि चटका बसून झटकन मागे घेतली. बोटं झटकता झटकता तो थांबला. तो मामाच्या हाताकडे बघत होता. मामाला आधी त्याची नजर दिसली, मग तळहाताच्या कडेने पत्र्याचा निळा रंग. त्याने हात उचलला, पण उशीर झाला होता.

“तुम्हाला भाजलं नाही?” पेंटर म्हणाला.

मामाने ग्राइंडर खाली ठेवला.

“कधीपासून?”

“झालं वर्ष.”

पलीकडे कोणीतरी हातोडीने दरवाजा ठोकत होतं. “ताईच्या कपाळावर हाच हात ठेवला होता का, भाऊजी?”

मामाला सांगण्यासारखं पुष्कळ होतं. घाबरलो होतो, तिला काळजी नको म्हणून, इतकं होईल असं वाटलं नव्हतं. महिनाभर रोज रात्री त्याने हे सगळं स्वतःलाच सांगून पाहिलं होतं.

“हाच,” तो म्हणाला.

पेंटरने शिवी दिली असती, कानाखाली वाजवली असती, तर मामाला बरं वाटलं असतं. तो नुसता उपड्या डब्यावर बसला आणि हातातल्या लांबीच्या पात्याकडे बघत राहिला. “मला वाटायचं, वय झालंय, नजर गेली असेल. तुमचं नाव जाऊ नये म्हणून झाकत राहिलो. एकदा जरी मालकांना दाखवलं असतं, तरी कळलं असतं सगळ्यांना. ताईलाही.”

“तुझा काही दोष नाही रे.”

“तुम्ही बोलू नका, भाऊजी.”

एवढ्यात मालकांनी लांबूनच विचारलं, की मामा, झालं का, गाडी रंगाला घ्यायची ना? सगळे त्या वाक्याची वाट बघत होते. मामाने डोळे मिटले नाहीत. लपवावा असं वाटून हात खिशात गेलाही, पण त्याने तो परत बाहेर आणला.

“दुसऱ्या कोणाला तरी बघू द्या, मालक. माझ्या हाताला कळत नाही.”

“का हो? इस्त्री गार पडली की काय?” मालक हसून म्हणाले. कोणीच हसलं नाही, तेव्हा तेही हसायचे थांबले.

तळहातावर भला मोठा फोड टरारून आला होता. मामा तो दुसऱ्याचा असावा तसा बघत होता. पेंटर उठला, मामाचं मनगट त्याने जरा जोरातच धरलं, त्याला ओढत नळाकडे नेलं आणि धार सोडून हात खाली धरला. त्याचे डोळे भरून आले होते, पण पकड सुटली नव्हती.

“पाणी गार आहे का?” मामाने विचारलं.

पेंटरने आपला दुसरा हात धारेखाली घातला आणि थोडा वेळ तसाच ठेवला.

“गार आहे,” तो म्हणाला.

तो म्हणतोय म्हणजे असणारच. मामाने हात तसाच धरून ठेवला.